सासूबाईंनी आणले मोड!

"अमेरिकेला बिअर म्हणजे काय, ते मी दाखवतो!" असं दिगंबरनं १९८६च्या वसंतात छाती पुढे काढून जाहीर केलं, आणि कोलंबस शहरातल्या रंगाच्या कारखान्यातली केमिकल इंजिनिअरची चांगली नोकरी सोडली. जवळच्याच डब्लिन गावापलीकडे वॉल्टर नावाच्या शेतकऱ्याचं लाकडी कोठार होतं. तिथे दोघं भागीदारीत जुन्या पद्धतीची, खेड्यातली ब्रुअरी काढणार होते. बार्ली वॉल्टरच्या शेतातली. तिला मोड आणायचे हातानं, वाळवायची हातानं. सगळं शंभर वर्षांपूर्वीसारखं!

योजना झकास होती. फक्त बार्लीला मोड येईनात. दिगंबरनं थर्मामीटर लावले, तक्ते केले, भिंतीवर ग्राफ चिकटवले. बार्लीनं ते काही वाचले नाहीत. पहिल्या ढिगाला बुरशी आली, दुसरा आंबला, आणि तिसऱ्याकडे बघून वॉल्टरच्या गायींनीसुद्धा तोंड फिरवलं.

अशात साताऱ्याहून सासूबाई आल्या. कांताबाई! त्यांच्या यजमानांची सगळी हयात दारूबंदीच्या प्रचारात गेलेली. बाईंनी स्वतः दोन गुत्ते बंद पाडलेले, तेही नऊवारीचा पदर खोचून.

"आईला कळलं ना," बायकोनं, पद्मजानं, एअरपोर्टवरच दिगंबरला दम भरला, "तर ती पुढच्या फ्लाइटनं परत जाईल. आणि मला घेऊन जाईल!"

पण घरी एकटं बसून बाई कंटाळल्या आणि चौथ्या दिवशी लेकीला गाडी काढायला लावून थेट कोठारात येऊन उभ्या राहिल्या.

"दिगंबरराव, हा वास कसला?"

"बार्लीचा, आई. मोड आणतोय."

"ते कशाला?"

दिगंबरनं थाप ठोकली. "सत्त्व! म्हणजे... नाचणीचं करतो ना आपण लहान मुलांसाठी? तसं बार्लीचं."

बाईंचा चेहरा असा उजळला की बस्स! "अहो, मग मला नाही का विचारायचं? पाणीच निथळलेलं नाही ह्याचं! सरका बघू!"

दिगंबर सरकला. वॉल्टरही सरकला. बाईंनी आपली जुनी सुती लुगडी फाडली, बार्लीची गाठोडी बांधली, सकाळ-संध्याकाळ गाठी सोडून दाणे हातानं वरखाली केले. पाचव्या दिवशी दाण्यादाण्याला एकसारखा मोड! वॉल्टर तर बाईंच्या पाया पडायचाच बाकी होता. तेव्हापासून कोठार बाईंचं झालं. मोड वाळवून झाले की त्या घरी जायच्या, आणि मग मागे हे दोघं चोरासारखे बिअर करायचे.

उद्‌घाटन ठरलं ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी, बाईंना सुगावा लागू न देता. त्या भागातला जुना ब्रुअर, ऐंशी वर्षांचा हाइनरिक, चव घ्यायला येणार होता. त्यानं मान डोलावली तर आसपासचे सगळे बार माल घेणार. नाहीतर कोठारात पुन्हा गवत, आणि दिगंबर पुन्हा रंगाच्या कारखान्यात!

शनिवारी दिगंबर, वॉल्टर आणि पद्मजा बघत असताना हाइनरिकनं ग्लास उचलला आणि दारात चार गाड्या थांबल्या. त्यातून मराठी मंडळाच्या अकरा बायका उतरल्या, प्रत्येकीच्या कडेवर मूल, हातात रिकामी बरणी. आणि सगळ्यांच्या पुढे कांताबाई!

"ह्या मेल्या अमेरिकेत पोरं कशी किडकिडीत झालीयेत!" त्या म्हणाल्या. "मी सगळ्यांना सांगितलं, आमच्या जावईबापूंचं सत्त्व घेऊन जा!"

वॉल्टरला वाटलं, गिऱ्हाईक आलं. त्यानं बाईंच्या मागे उभ्या असलेल्या प्रतिमा नावाच्या एकीची बरणी काढून घेतली आणि तिच्या हातात फेसाळता ग्लास दिला. तिनं वास घेतला.

"अगंबाई! काकू, ही तर बिअर आहे!"

बाई सावकाश जावयाकडे वळल्या. दिगंबर वॉल्टरच्या आड सरकला.

नेमका त्याच वेळी हाइनरिकनं ग्लास खाली ठेवला आणि इंग्रजीत म्हणाला, "कडू आहे. मोड कच्चे राहिले असणार."

पद्मजानं सवयीनं आईला त्याचं मराठी करून सांगितलं. सांगून झाल्यावर तिनं जीभ चावली.

"कच्चे?" बाई गर्रकन हाइनरिककडे वळल्या. "माझे मोड कच्चे?"

त्यांनी पोत्यातून वाळवलेल्या बार्लीची मूठ भरली आणि म्हाताऱ्याच्या तळहातावर ठेवली. "चावा!"

हाइनरिकला मराठीचा गंध नव्हता, पण तो मुकाट्यानं चावू लागला. डोळे मिटले. आणखी चार दाणे तोंडात टाकले.

"सॉरी, मॅडम," तो म्हणाला. "असे मोड मी चाळीस वर्षांत पाहिले नाहीत. मग ही हॉप्सची कडू फुलं जास्त झालीयेत. कुणी टाकली एवढी?"

सगळं कोठार दिगंबरकडे बघू लागलं. तान्ही मुलंसुद्धा!

"ह्याच बाईंचे मोड आणि निम्मी फुलं घालून पुन्हा करा," हाइनरिक म्हणाला. "मग बारवाल्यांना मीच सांगतो." पद्मजानं तेही आईला मराठीत सांगितलं.

म्हणजे आता सगळं बाईंच्या हातात! परतताना दिगंबर गाडी चालवत होता, शेजारी बाई, मागे पद्मजा. दहाव्या मैलाला त्यानं धीर केला.

"आई, चुकलं माझं. फार मोठी चूक झाली."

"झालीच!" बाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी फुलं मी घालीन. तुम्ही नुसतं ढवळा."