नकाराची टक्केवारी

ज्या देवळाचे दार सदैव उघडे, त्याच्यापुढे रांग लागत नाही. आणि रांग नसलेला देव जागृत मानण्याची रीत नाही. अमेरिकेतील व्हरमाँटच्या डोंगरांत दोनशे वर्षे उभे असलेले ते महाविद्यालय हे तत्त्व जाणून होते. तेथील प्रवेशाधिकारी डीन थॅडियस क्विंबी यांच्या हाताखाली नकारपत्रे लिहिणारे चौदा जण होते. (स्वीकारपत्रांना एक पुरे होता, तोही अर्धवेळ.)

गतवर्षी महाविद्यालयाने शंभरांतून सात अर्जदार घेतले. सरोवरापलीकडच्या प्रतिस्पर्ध्यांनी सहाच घेतले. विश्वस्तांनी क्विंबींना परम सौजन्याने कळवले, की यंदा आकडा पाचावर न आल्यास आपल्या खुर्चीसाठी अर्ज मागवू.

जागा घटवणे अशक्य, म्हणून अर्जदार वाढवणे प्राप्त झाले. क्विंबींनी अर्जाचे शुल्क माफ केले, वयाची अट काढली आणि गावातील घरोघर पत्र धाडले: ‘आम्ही आपल्याच शोधात आहोत.’ टपालवाल्याने अर्ज केला, पाद्रीबाबांनी केला, दंतवैद्याने दोनदा केला. तरीही चाळीस कमी पडले, तेव्हा भोजनगृहातील सेवकवर्गाने आणि कर्तव्यबुद्धीने स्वतः डीनसाहेबांनीही अर्ज भरले.

निबंध नावे झाकून वाचण्याची तेथील परंपरा आहे. विषय, ‘मला घडवणारा प्रसंग’. दोन हजार अर्जदारांनी दूरदेशीच्या खेड्यात विहीर खणली होती. (एवढ्या विहिरींनंतर त्या खेड्यांत पाय ठेवण्यास जमीन उरली काय, हा प्रश्न भूगोल विभागाकडे सोपवला आहे.) एका निबंधात मात्र हिमवादळाच्या दिवशी कांद्याचे सूप करपले होते, आणि लिहिणारीने ते नऊशे जणांना मान ताठ ठेवून वाढले होते. समिती गहिवरली. निवड एकमताने झाली. नाव उघडले, तर बर्नडेट गान्यों, वय एकसष्ट, भोजनगृहाच्या मुख्य स्वयंपाकीण.

डीनसाहेबांचा निबंध पहिल्याच फेरीत गळाला. शेरा होता, ‘भाषा स्वच्छ, माणूस दिसत नाही.’

अर्ज नऊ हजार, प्रवेश साडेचारशे. बरोबर पाच टक्के! इतर सर्वांचे होकार आले होते. बर्नडेटबाईंनी नाही म्हटले, तर प्रतीक्षा यादीतून आणखी एकाला निवडावे लागणार आणि आकडा पाचापुढे सरकणार. क्विंबी स्वयंपाकघराकडे धावले.

“अभिनंदन, बर्नडेटबाई. तुमची निवड झाली.”

“झाली का? बरं झालं. मी काही यायची नाही.”

“अहो, साडेआठ हजार लोकांना नाही म्हटलंय आम्ही.”

“मग त्यातलं घ्या की कुणी. माझे बटाटे सोलायचे राहिलेत.”

“राहणं फुकट देतो, जेवण फुकट देतो.”

“मी वर्गात बसल्यावर ते जेवण करणार कोण? तुम्ही?”

क्विंबी पिठाच्या पोत्यावर बसले. “माझी नोकरी जाईल हो.”

बाईंनी हात पुसले. “डीनसाहेब, तुमची विनंती आम्ही आस्थेनं विचारात घेतली. यंदा योग्य विनंत्या फारच आल्यात. तूर्त तुम्हाला प्रतीक्षा यादीत ठेवते. पहिली मेपर्यंत कळवू.”

हे शब्द क्विंबींच्याच कचेरीचे होते. तीन वर्षांपूर्वी बाईंच्या लेकीला आलेले पत्र अजून शीतकपाटावर चिकटवलेले होते.

मेपर्यंत क्विंबींनी रोज बटाटे सोलले. एक मेला उत्तर आले: नाही.

डीनच्या खुर्चीसाठी आठशे अर्ज आले आणि एकाची निवड झाली. हा आकडा सरोवरापलीकडे कोणी ऐकलाही नव्हता, म्हणून ती खुर्ची दरवर्षी रिकामी करण्याचा ठराव विश्वस्तांनी टाळ्यांच्या गजरात संमत केला. क्विंबी आता बटाट्यांकडे कायम आहेत. (त्या जागेसाठी त्यांचा एकट्याचाच अर्ज होता, निवड शंभर टक्के.)

वाचक हसले असतील, हसावे. मात्र या कथेत महाविद्यालयाचे नाव कोठेच नाही, हे ज्यांच्या ध्यानात आले आणि नातीसाठी ते विचारावे असे ज्यांच्या मनात येऊन गेले, त्या सर्वांचे अर्ज पोहोचले आहेत. त्यांचा आस्थेने विचार चालू आहे.