मंडळाच्या भांड्यांचे गेनूतात्या

आमच्या गावात कुणाला कढई हवी असेल, तर आधी वय सांगावं लागे.

मी लहान असताना तरुण मंडळाने वर्गणी काढून लग्नाकार्याची भांडी घेतली. दर वेळी मंचरच्या मांडववाल्याकडे हेलपाटे नकोत, गरिबाघरचंही कार्य अडू नये, हा हेतू. भांडी देवळामागच्या खोलीत आणि खोलीची चावी गेनूतात्यांच्या करगोट्याला. तात्या साठी ओलांडलेले, घरात एकटे, आणि तरीही तरुण मंडळाचे सभासद! पुढे नव्वदच्या दशकात मी दहावी पास झालो. अक्षर बरं होतं, म्हणून मला सेक्रेटरी केलं.

लग्नाचं कुणी आलं, की पाव्हणे कुठले, मांडव कुठे, हे सगळं तात्या शांतपणे ऐकत. मग म्हणत, "ते समदं ऱ्हाऊ द्या. पोरीचं वय सांगा." अठरा पुरी नसतील तर भांडी नाहीत. तात्यांना या प्रश्नाची इतकी सवय जडली होती, की एकदा तेराव्याच्या जेवणाला भांडी न्यायला आलेल्या माणसालाही त्यांनी विचारलं, "वय काय?" तो बिचारा गोंधळून म्हणाला, "शहाऐंशी." तात्या म्हणाले, "मग हरकत नाय. न्या."

भांड्यांना त्यांनी नावं ठेवली होती. उचलायला चार माणसं लागणारं आणि वर्षातून एकदाच कामाला येणारं मोठं पातेलं म्हणजे जावईबापू. ठेंगणी कढई म्हणजे बुटकी. कुठल्या भांड्याला कुणाच्या कार्यात पोचा आला, हे त्यांना तोंडपाठ. लग्नात ते चुलवणापाशी उपडं घमेलं घालून बसत आणि भांडी घासून होईपर्यंत जेवत नसत.

हा माणूस असा का, याचं मला फार कुतूहल. गावात याबद्दल तीन-चार मतं होती. आमच्या आईचं मत सगळ्यांत थोडक्यात होतं, "येडा हाय." एकदा मी सरळ तात्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "सेक्रेटरी, तुमी आपल्या नोटिसा लिवा."

मग किसनरावांच्या सुमनचं लग्न निघालं. मुलगा आणे गावचा, पाच-सहा दिवसांवर मुहूर्त. सुमन नववीत, वर्गात पहिली-दुसरी येणारी. किसनराव भांडी मागायला आले आणि विचारायच्या आधीच म्हणाले, "अठरा पुरी झाली."

"शाळंत तर पंधरा लावलंय."

"गुरुजींनी अंदाजानं लावलंय वो. खरं वय जास्त हाय."

तात्या उठले, बुटकी घेऊन आले आणि तिचा तुटका कान किसनरावांपुढे धरला. "सुमीच्या बारशाच्या घुगऱ्या हिच्यातच शिजल्या व्हत्या. तुमीच उतरवताना कान तोडला. त्याला पंधरा वर्सं झाली. गुरुजी चुकत्याल, बुटकी नाय चुकायची."

किसनराव चिडून मंडळाकडे गेले. तातडीने बैठक झाली. "भांडी गावाची हायेत का ह्याच्या बापाची?" किसनरावांनी विचारलं. भांडी द्यायची असं ठरलं. मीही हात वर केला, हे लाजिरवाणं आहे, पण खरं आहे. तात्यांनी करगोट्याची चावी सोडून माझ्या हातात ठेवली. "तुमीच द्या. माझ्यानं नाय व्हायचं," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनची आई हौसाबाई आमच्या दारात. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "भाऊ, चावी हरवली म्हणा."

आयुष्यात मी बरंच काही हरवलं आहे, पण इतक्या मनापासून काहीच हरवलं नव्हतं. मी चार दिवस गावभर चावी शोधत फिरलो. किसनरावही माझ्याबरोबर शोधत होते. कुलूप तोडायची भाषा निघाली, तेव्हा मंडळाच्या मालमत्तेचं कुलूप ठरावाशिवाय तोडता येत नाही, असा नियम मी जागच्या जागी तयार केला. भर लग्नसराई, मंचरलाही भांडी शिल्लक नव्हती. लग्न लांबलं. आण्याच्या पाहुण्यांनी दुसरी मुलगी पाहिली.

सुमन बारावी झाली, बालवाडीशिक्षिकेचा कोर्स तिने केला आणि मग, स्वतः पसंत केलेल्या मुलाशी, तिचं लग्न ठरलं. या वेळी तात्यांनी आपण होऊन भांडी घासून पुसून किसनरावांच्या दारात पोचवली.

मुहूर्त दुपारचा. मंगलाष्टकं चालू असताना तात्या चुलवणापासून उठलेले मी प्रथमच पाहिले. राखेचे हात धोतराला पुसत ते गर्दीतून वाट काढत नवरीपाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "सुमे, जागी हायेस न्हवं?"

मांडवात हशा पिकला. सुमनही हसली, काहीतरी बोलली. तात्या समाधानाने परत येऊन बसले.

पंगती उठल्यावर ते जावईबापू घासत होते, तेव्हा मला राहवेना. "तात्या, हे काय विचारलंत तुम्ही?"

या वेळी त्यांनी मला नोटिसा लिहायला धाडलं नाही. घासता घासता, वर न बघता ते म्हणाले, "माझी बायकू बारा वर्सांची व्हती. आंतरपाट सरला, तवा ती मामाच्या खांद्यावर झोपल्याली. मी हार घेऊन हुबा. समदी हसली. मीबी हसलो." त्यांनी पातेल्यात आणखी मूठभर राख टाकली. "पयल्याच बाळतपणात गेली. पंधराचीबी नव्हती. तुला हे लगीन पायजे का, आसं तिला कुणीच इचारलं नाय. मीबी नाय."

त्या बैठकीत वर केलेल्या हाताची मला जन्मात वाटली नव्हती एवढी लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मग सुमन काय म्हणाली?"

तात्यांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"म्हनली, तात्या, टक्क जागी हाये."