प्रस्तावित खो-खो स्मारक कारंजे

कर्वेनगरच्या एका चौकातल्या बंद कारंज्याच्या मधल्या नळीतून पिंपळाचे रोप उगवले आहे. रोप निरोगी आहे. पाने तजेलदार, देठ लालसर. चौकात इतर कुठेही ओल नसताना ते वाढते आहे. यावरून एकच निष्कर्ष निघतो: नळीत अजून पाणी येते.

हा निष्कर्ष जिनत शेख यांनी काढला. त्या कारंज्यामागच्या मैदानावर मुलींना खो-खो शिकवतात. तिथे धूळ इतकी, की पाठलाग करणारी मुलगी आधी ऐकू येते आणि मग दिसते. पाणी शिंपडायला नळ नाही, प्यायलाही नाही. म्हणून त्यांनी महापालिकेला अर्ज दिला: कारंज्याच्या जोडणीवरून मैदानाला एक नळ द्यावा.

उपअभियंता बद्रीनाथ गोसावी भले गृहस्थ होते. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला.

“मॅडम, जोडणी कारंज्याची आहे आणि कारंजं बंद आहे. बंद कारंज्याचं पाणी देता येत नाही.”

“पण साहेब, पाणी तर येतंय.”

“ते अनधिकृत येतंय.”

म्हणजे आधी कारंजे सुरू व्हायला हवे. कारंजे-दुरुस्तीसाठी तरतूद नव्हती. क्रीडा स्मारकांसाठी मात्र होती, आणि खर्च झाली नाही तर परत जाणार होती. काही वर्षे विचार करून गोसावींनी मार्ग काढला: कारंज्याचे पुनरुज्जीवन खो-खोचे स्मारक म्हणून करावे.

जिनतबाईंनी मुलींना बातमी सांगितली, तेव्हा ऋतुजा म्हणाली, “मॅडम, स्मारक मेलेल्यांचं असतं ना? आपण कधी गेलो?”

“इतक्यात नको. आधी नळ येऊ दे.”

पिंपळाचे विधिवत स्थलांतर झाले. कारंज्याला ग्रॅनाइट लागला. आठ धारा बसलेले खेळाडू दाखवणार होत्या, नववी पळणार होती. पण स्मारकात काहीतरी अस्सल हवे, असे सल्लागारांचे मत पडले. चौकात अस्सल असे फक्त मैदानावरचे दोन खांब होते. ते उपटून काचेच्या पेटीत उभे करण्यात आले.

“खांबांशिवाय खेळायचं कसं?” जिनतबाईंनी विचारले.

“आता त्यांना हात लावू नका, मॅडम. वारसा आहे तो.”

स्मारक म्हटले की पाहुणे आले, पाहुणे म्हटले की गाड्या. मोकळी जागा एकच होती. तिच्यावर खांब नसल्यामुळे ते मैदान आहे, असे आता सिद्धही करता येत नव्हते. साहजिकच तिथे वाहनतळ प्रस्तावित झाला.

नियमाप्रमाणे हरकती मागवल्या गेल्या. जाहिरात शब्दकोड्याच्या शेजारी छापली होती, त्यामुळे ती आपल्या सर्वांच्या नजरेखालून गेली. आडवे शब्द सुटले, उभेही सुटले. हरकत कोणी पाठवली नाही.

सुनावणीला मात्र सभागृह भरले. चहा होता.

“माझी हरकत आहे,” जिनतबाई उभ्या राहून म्हणाल्या.

“आपल्याला ती घेता येणार नाही,” गोसावी मृदूपणे म्हणाले. “स्मारक आपल्याच खेळाचं. आपण लाभार्थी. नागरिकांपैकी कोणाची असली तर जरूर नोंदवू.”

जिनतबाई मागे वळल्या. त्यांच्याकडे शिकून ज्यांच्या मुली राज्य स्पर्धेपर्यंत गेल्या, ते पालक दुसऱ्या रांगेत होते. ते मोबाइल तपासू लागले. उरलेल्या रांगांत आपण होतो. आपल्याला मैदानाबद्दल मनापासून वाईट वाटत होते. फक्त गाडी बाहेर रस्त्यावर उभी होती आणि लक्ष तिकडे होते.

“एका तरी मुलीसाठी बोला,” जिनतबाई म्हणाल्या.

समोरच्या सोसायटीचे सचिव रविराज केतकर उठले. त्यांना बोलू द्यायला जिनतबाई लगेच खाली बसल्या.

“हरकत नाही, सूचना आहे,” ते म्हणाले. “इथे धूळ फार हो. गाड्या लावायच्या म्हणजे रोज धुवाव्या लागणार. त्याची काही सोय?”

सभागृहात प्रथमच माना डोलल्या. आपलीही डोलली. गोसावींचा चेहरा उजळला. मागणी, नियम आणि नागरिकांची इच्छा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एका जागी आली होती. ते उभे राहिले, त्यांनी घसा साफ केला आणि जाहीर केले:

“नळ मंजूर! शेख मॅडम, अभिनंदन.”