मास्तरांचं उकळलेलं जेवण

"आक्का, साखर घालताना हात जरा सैल सुटलेला दिसतोय," चहाचा घोट घेऊन सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले.

"साखर? साखरेचा डबा मला सापडलाच नाही," आक्का म्हणाल्या. "दूधच गोड आहे हो. आणि वर साय काय धरलीय म्हणून सांगू! पिवळी धमक."

पलंगावर उशांना टेकून बसलेले मास्तर कौतुकाने हसले. आक्का ही त्यांची मोठी बहीण कालच त्यांना बघायला आली होती आणि आल्यापासून घरातली एकही वस्तू तिने जागेवर राहू दिली नव्हती.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. निम्म्या गावाला त्यांनी गाडी शिकवली होती, आणि त्याच गाडीत निम्म्या गावाचा अपमानही केला होता. "क्लच म्हणजे काय झुरळ आहे, असा पाय आपटताय?" ही गर्जना काचा वर असतानाही रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. पण गेल्या वर्षी आतड्याला पीळ पडला. एका ऑपरेशनमागून दुसरं करता करता शेवटी लहान आतड्याचा जेमतेम हातभर तुकडा उरला. खाल्लेलं अंगी लागायला तेवढा पुरेना. मग रोज रात्री छातीतल्या नळीला पंप लावून पिशवीभर पांढरं अन्न थेट रक्तात सोडायचं, हेच त्यांचं जेवण झालं.

पोटाची तऱ्हा त्याहून न्यारी. स्नायूंच्या दोन्ही कडा एकमेकींपासून इतक्या लांब गेल्या होत्या, की मधल्या जागेवर मांडीची पातळ कातडी लावून नुसतं झाकण घातलं होतं. आतडं हललं की वरून दिसायचं. काल आक्कांनी ते पाहिलं आणि "अगंबाई, आत कोणीतरी आहे!" असं किंचाळून त्यांनी भिंत गाठली होती.

"वजन भरू दे, मग उरलेलं आतडं जोडू आणि जाळी बसवून पोटाची भिंत बांधू," सर्जन म्हणाले होते. "तोवर एक रात्रही उपास नको. जड उचलायचं नाही, खोकताना पोटाशी उशी धरायची, आणि आवाज अजिबात चढवायचा नाही." शेवटची अट ऐकून मास्तरांच्या बायकोने सर्जनना मनोमन हात जोडले होते.

"आणि बरं का रे बाळ," आक्का सांगत होत्या, "पिशव्यांची वरची कव्हरं मी धुऊन ठेवलीत. भाजी आणायला छान होतील." त्यांच्या हातात पिवळ्या प्लास्टिकची घडी होती.

मास्तरांचं हसू ओठांवरच थिजलं. उजेड लागू नये म्हणून घातलेली ती पिवळी कव्हरं या घरात एकाच वस्तूवर असत.

"आक्का, दूध कुठून काढलंस?"

"मागच्या खोलीतल्या छोट्या फ्रिजमधून. तुझ्या बायकोने तिथे दडवून ठेवलंय आणि वर लिहिलंय, हात लावू नये. म्हटलं, नणंद इतकी परकी झाली? आणि केवढ्या त्या जाडजूड पिशव्या! खाली नळ्या. हल्ली दुधालाही नळ्या लावतात वाटतं. कात्रीनेसुद्धा फुटता फुटेनात."

"आक्का, ते माझं जेवण आहे!"

"मग एवढं काय? कपभर चहाने तुझं कमी होणार आहे का?"

"अगं, ते माझ्या रक्तात जातं!"

सेक्रेटरींचा कप तोंडापाशीच थबकला. तो त्यांचा दुसरा कप होता. "म्हणजे आता ते माझ्या रक्तात गेलं?"

मास्तरांचं तिकडे लक्ष नव्हतं. "आक्का, एकच पिशवी फोडलीस ना?"

"एक कशी? तारीख अगदी जवळ आलेली. नासलं असतं ना सगळं! मोठ्या पातेल्यात ओतून चांगलं उकळत ठेवलंय," आक्का अभिमानाने म्हणाल्या.

तेवढ्यात ड्रेसिंगचं सामान घेऊन मास्तरांची बायको आली. एरवी कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय, तोंडाला मास्क बांधल्याशिवाय ती त्या पिशव्यांना शिवत नसे. तिने स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं, तर शेगडीवर आठवड्याचं जेवण मंद आचेवर रटरटत होतं आणि त्यावर पिवळ्या तेलाचा तवंग आला होता. ती आरडाओरडा करील म्हणून सगळे श्वास रोखून बसले. ती स्टुलावर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आक्का, त्या पिशव्यांजवळ मी श्वाससुद्धा जपून घेते हो."

आता कुठे आक्कांचा चेहरा पडला. "मला काय माहीत! माणसाचं जेवण दुधासारखं कधीपासून दिसायला लागलं?"

बायकोने हॉस्पिटलला फोन लावला. पिशव्यांचं काम बघणाऱ्या सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं.

"उकळलं?"

"हो."

"सगळं?"

"चहा वगळून."

पलीकडे फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला. मग सिस्टर म्हणाल्या, "नव्या पिशव्या उद्या पोचतील. आजच्यापुरती एक इथे आहे. मास्तरांनाही घेऊन या, सर्जन सर आहेत, पोट तपासून होईल. आणि ज्यांनी चहा घेतला त्यांना काही होत नाही."

फोन स्पीकरवर होता. सेक्रेटरींनी "ज्यांनी चहा घेतला" एवढंच ऐकलं आणि ते सतरंजीवर आडवे झाले. "पाय गेले हो माझे," ते कण्हले. "घरी कळवा."

मास्तरांची गाडी दुरुस्तीला गेलेली, टॅक्सीवाला मिळेना. सेक्रेटरींची गाडी खाली उभी होती, पण तिचा मालक सतरंजीवर. मास्तरांना गाडी चालवायची बंदी, आणि आक्कांना चालवायला सांगणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

"किल्ली द्या," बायको म्हणाली.

"कोणाला?" मास्तरांनी विचारलं.

"मला."

मास्तरांना क्षणभर वाटलं, आपलं डोकंही ऑपरेशनला दिलं पाहिजे. लग्नानंतर त्यांनी बायकोला गाडी शिकवायला घेतली होती. झुरळाचं वाक्य ऐकून ती भर रस्त्यात उतरली आणि चालत घरी आली. त्यानंतर हा विषय घरात कुणी काढला नव्हता.

सेक्रेटरी आणि आक्का मागे बसले. मास्तर पोटाशी उशी धरून पुढे बसले आणि गाडी सुरू व्हायच्या आतच त्यांचा पाय तिथे नसलेला ब्रेक शोधू लागला.

"अगं, आधी क्ल..."

"पोट," बायको समोर बघत म्हणाली.

मास्तरांनी तोंड मिटलं. गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी निघाली. चौकात तिने एका ट्रकला वाट दिली, एका रिक्षावाल्याला दिली नाही. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलली, ती बोटभरही मागे सरकली नाही. चूक दिसावी म्हणून मास्तर डोळ्यांत तेल घालून बघत होते. चूक होईना. हॉस्पिटलच्या दारात दोन ॲम्ब्युलन्सच्या मधल्या फटीत तिने एका दमात गाडी मागे घेऊन लावली, तेव्हा मास्तरांच्या कपाळावर घाम फुटला.

सर्जननी हकीकत ऐकली आणि हसता हसता त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. "अहो, विष नाही ते, पौष्टिकच आहे," ते सेक्रेटरींना म्हणाले. "शिरेतून जायचं ते तोंडातून गेलं. रस्ता चुकला, एवढंच." सेक्रेटरींचे पाय लगेच परत आले, पण चेहरा हिरमुसला.

मग सर्जननी मास्तरांचं पोट तपासलं, कातडी चिमटीत धरून पाहिली, वजन घेतलं. "झकास. पुढच्या महिन्यात ऑपरेशन करू. पण नाडी एवढी का पळतेय? दुखतंय का कुठे?"

"डॉक्टर," मास्तर क्षीण आवाजात म्हणाले, "माझी बायको गाडी चालवते."

"मग?"

"चांगली चालवते."

मास्तरांनी बायकोकडे वळून विचारलं, "कोणी शिकवलं?"

"बाजारामागच्या स्कूलमध्ये शिकले," ती म्हणाली. "लायसन्स काढूनही वर्षं झाली आता."

बाजारामागचं स्कूल! त्या मालकाला मास्तर उभ्या आयुष्यात माणूस म्हणाले नव्हते. म्हणाले तर गिअरबॉक्सचा खाटीक. "त्याच्याकडे? का?"

"ते ओरडत नाहीत."

"आणि सराव? सराव कुठल्या गाडीवर केलास?"

"आपल्याच. रविवारी दुपारी तुम्ही झोपलात की न्यायचे."

सोमवारी टाकीत पेट्रोल कमी का असतं, यावरून मास्तरांनी इतकी वर्षं पंपवाल्याशी उभा दावा मांडला होता.

परत निघताना नवी पिशवी बर्फाच्या पेटीत घालून दिली. मास्तर सवयीने पुढच्या दाराकडे वळले.

"मागे बसा," बायको म्हणाली. "पुढे बसलात की नुसता पाय आपटता. लक्ष जातं माझं."

पुढे सेक्रेटरी बसले. मास्तर मांडीवर पेटी घेऊन मागे आक्कांशेजारी बसले. आक्का म्हणाल्या, "बरं झालं बाई, घरात एकाला तरी गाडी नीट चालवता येते."

पुढच्या महिन्यात ऑपरेशन झालं. आतडं जोडलं गेलं, जाळी बसली, मास्तरांच्या पोटाला पुन्हा भिंत आली आणि हळूहळू तोंडाने जेवणही सुरू झालं. घरी सोडायच्या दिवशी बायको गाडी घेऊन दारात आली. सर्जन मास्तरांना हात द्यायला पुढे झाले, तोवर मास्तरांनी मागचं दार आपणहून उघडलं होतं.