बाटल्यांच्या काचेचा पोपट

पोतं खणखणलं आणि गणपतराव जिन्यातच पकडले गेले.

"काय आणलंसा, काका?" तळमजल्यावरच्या जोतीरामनं दारातून विचारलं.

"बाटल्या."

"कसल्या?"

"बिअरच्या. रिकाम्या हायत रे."

"व्हय, व्हय," जोतीराम म्हणाला, आणि आत जाऊन त्यानं बायकोला सांगितलं, की वरचे काका कामातनं गेले.

खरं तर गणपतरावांनी उभ्या जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता. एसटीच्या कचेरीतून ते निवृत्त झाले, त्यानंतर बायको गेली, आणि शाहूपुरीतल्या त्या तीन खोल्यांत बोलायला उरला फक्त दूधवाला. त्याच्याशी बोलणं म्हणजे "अर्धा लिटर" एवढंच. रविवारी पुण्याहून मुलीचा, पूर्णिमाचा, फोन येई. "बाबा, काहीतरी छंद लावून घ्या," असं म्हणून तिनंच एक व्हिडिओ पाठवला होता. टाकाऊ काचेच्या तुकड्यांची नक्षी, मोझॅक. गणपतरावांना ते पटलं. विकत काही आणायचं नाही, जे कुणालाच नको ते गोळा करायचं.

सुतारानं प्लायवूडचा उरलेला तुकडा दिला. त्यावर त्यांनी पेन्सिलीनं पोपट काढला. पोपटाला हिरवी काच हवी, फांदीला तपकिरी, आणि हे दोन्ही रंग फुकट मिळायची जागा एकच, गल्लीच्या तोंडाची परमिट रूम. बाटल्या सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून लेबलं काढायची. मग जुन्या टॉवेलात गुंडाळून हातोडीनं बेतानं ठोकायचं. बाटलीची काच वाकडी असते, म्हणून तुकडे नखाएवढे करायचे, म्हणजे फळीवर सपाट बसतात. कडा ओल्या पॉलिश पेपरवर घासायच्या. गणपतराव हे सगळं व्हिडिओ थांबवून थांबवून शिकले.

पण व्हिडिओत शेजारी नव्हते.

बाटल्या धुतलेलं पाणी मोरीच्या फुटक्या पाइपातून जोतीरामच्या व्हरांड्यात ठिबकू लागलं आणि त्याच्या घरात बिअरचा वास सुटला. दुपारभर वरून काच फुटल्याचे आवाज. गणपतराव खाली उतरले की बोटांना पट्ट्या आणि काचेच्या धुळीनं डोळे लालभडक.

समोरच्या दारातल्या आक्का ताट घेऊन आल्या.

"आधी चार घास खावा. रिकाम्या पोटी ते लई वाईट."

"अहो आक्का, मी काचेचं..."

"काय सांगू नगा. माझा धाकला दीर असाच होता." आणि खुर्चीत बसून आक्कांनी दिराची सगळी कहाणी सांगितली. मध्येच रडल्या, मग स्वतःच चहा करून प्यायल्या, आणि अंधारून आल्यावर उठल्या.

त्या गेल्यावर गणपतराव बराच वेळ त्या खुर्चीकडं बघत राहिले. बायको गेल्यापासून खुर्चीत कुणी एवढा वेळ बसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आक्का आल्या तेव्हा त्यांनी खुलासा केला नाही. पोपट आतल्या खोलीत हलवला आणि दार ओढून घेतलं.

मग जोतीराम पत्ते घेऊन येऊ लागला. संध्याकाळची वेळ टळली की माणूस वाचतो, असं त्याचं म्हणणं. चार-पाच दिवसांनी त्यानं धीर करून विचारलं, "काका, आज किती झाल्या?"

"काय किती?"

"बाटल्या ओ."

गणपतराव पत्त्यांतच गुंग होते. "लई झाल्या की," ते सहज बोलून गेले. "पण अजून पोट काय भरंना."

पोट पोपटाचं होतं. जोतीरामच्या हातातले पत्ते गळून पडले. उठून त्यानं समोर आक्कांकडून नंबर घेतला आणि पूर्णिमाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी ती आली आणि बॅग खांद्यावर तशीच ठेवून थेट आतल्या खोलीत शिरली. फरशीवर हिरवा चुरा पसरला होता. भिंतीला टेकून चोच नसलेला पोपट उभा होता, आणि त्याच्यासमोर गणपतराव सांध्यांत भरायला वाडग्यात पांढरं सिमेंट कालवत बसले होते.

"बाबा, हे काय?"

"पोपट हाय," ते ओशाळून म्हणाले. "चोच राहिलीया. लाल काच मिळंना. कासाराकडं फुटक्या बांगड्या मागितल्या, तर तो म्हणाला, काकूंना पाठवा."

पूर्णिमा हसायला लागली, आणि हसता हसता एकदम थांबली. बॅग उतरवून ती त्यांच्या शेजारी चुऱ्यातच बसली.

"मग शेजारच्यांना खरं का नाही सांगितलंत?"

गणपतराव वाडग्यात चमचा फिरवत राहिले. "सांगणारच हुतो. पण मग ती दोघं कशाला यायची?"

पूर्णिमाची रजा एकाच दिवसाची होती. थोड्या वेळानं ती उठली आणि दार मागं ओढून जिन्यात आली. तिथं आक्का आणि जोतीराम तिची वाट बघत उभे होते.

"कसं हाय, ताई?"

"बघितलं मी," पूर्णिमा खालच्या आवाजात म्हणाली. "बरंच वाढलंय. पण त्यांना बोलू नका, विचारू नका. फक्त संध्याकाळचं एकटं सोडू नका."

"कुठवर, बाई?"

"वेळ लागेल, आक्का. सुटायला फार वेळ लागतो म्हणे."

आक्कांनी डोळ्याला पदर लावला. जोतीरामनं छातीवर हात ठेवला. "तू बिनघोर जा. काकास्नी आमी सोडत न्हाय."

दाराच्या आत गणपतराव वाडगं हातात धरून कान देऊन उभे होते. सिमेंट घट्ट होत चाललं होतं, चमचाही हलेना, पण त्यांचा पाय काही तिथून निघेना.