एक गोळी जादा

सोसायटीच्या गच्चीवरील गरम पाण्याच्या टबाचा पंप शेवटची घरघर करून बंद पडला, ही बाब सेक्रेटरींनी खाजगी आपत्ती मानली. त्यांची आत्या गुडघ्यांना शेक घ्यायला म्हणून आठ दिवसांसाठी आली होती, त्याला आता महिना होत आला होता. "गुडघे सुटले की निघालेच," असा तिचा शब्द होता. तोवर तिने स्वयंपाकघरातले डबे आपल्या सोयीने लावून घेतले होते, आणि त्या सकाळी सेक्रेटरींच्या पत्नीने मीठ समजून भाजीत साखर घातली होती.

"टब सुरू करा," पत्नी म्हणाली, "नाहीतर मला माहेरी पोचवा. तिथे डबे जागच्या जागी आहेत."

तातडीने पंपदोष निदान उपसमिती नेमण्यात आली. उपसमितीने पंपाची बाहेरून पाहणी केली, त्याला दोनदा थोपटलं आणि 'सदर पंप बंद असल्याकारणाने चालत नाही' असा एकमुखी निष्कर्ष नोंदवला. मग फिटरला बोलावलं.

फिटरने पंप उघडला. आत गंजाचं राज्य. पाणी अडवणारं रबरी सील भुगा होऊन हातात आलं.

"किती जुना पंप हा?"

"गेल्याच महिन्यातला," सेक्रेटरी म्हणाले. "तुम्हीच बसवलात."

"मग बसवताना चांगला असणार," फिटर म्हणाला आणि त्याने पाणी तपासायची रंगीत पट्टी टबात बुडवली. पट्टी पांढरीफटक होऊन बाहेर आली.

"शुभ्र!" खजिनदारांनी छाती फुगवली. "याला म्हणतात स्वच्छ पाणी."

"साहेब, क्लोरीन इतकं झालंय की पट्टीचा रंगच उडाला. पंपाचं काय होणार? रोज किती गोळ्या टाकता?"

"एक. नियमाप्रमाणे. वॉचमन टाकतो."

"मग बाकीच्या कोण टाकतं?" असं विचारून फिटरने नवं सील बसवलं आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सेक्रेटरी पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसले. पहिले आले खजिनदार. इकडेतिकडे पाहत त्यांनी रुमालातून मूठभर गोळ्या टबात सोडल्या.

"अहो, खजिनदार!"

"माझ्यासाठी नाही हो," खजिनदार जराही न ओशाळता म्हणाले. "मी स्वच्छच असतो. पण लोक कसले कसले उतरतात!" आणि हे लोक कसले, ते पाहायला तेही टाकीमागे बसले.

मग सेक्रेटरींची पत्नी आली. तिच्याकडे डबीच होती.

"तू सुद्धा?"

"तुमची आत्या तासतास भिजत बसते त्यात. तोंडावर सांगू का तिला?" तीही टाकीमागे गेली.

शेवटी दोन-दोन पायऱ्या एकदम चढत आत्या आली आणि तिने पर्स उघडली.

"आत्या! तुझे गुडघे?"

"ते कधीच बरे झाले." मग तिचं लक्ष टाकीमागे गेलं. "राग मानू नकोस हं सूनबाई, तू उतरतेस म्हणून टाकते."

"मग आता घरी..."

"घरी गरम पाणी आहे रे. पाण्यात शेजारी बसून बोलायला कुणी नाही."

सेक्रेटरींनी तिथल्या तिथे विशेष सभेची सूचना काढली.

सभा भरली. यापुढे कुणीही जादा गोळी टाकणार नाही, असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. घरी जाता जाता प्रत्येकाच्या मनात एकच हिशेब आला: बाकीचे आता टाकायचे थांबणार, म्हणजे सगळा भार आपल्यावरच. दुसऱ्या दिवशी गच्चीवर वाळत घातलेले कपडे नुसत्या वाफेने पांढरे झाले. सेक्रेटरींनीही दोन गोळ्या टाकल्या होत्या, पण त्या पदसिद्ध.

फिटर पुन्हा आला. जुन्या पंपाकडे पाहून त्याने हात जोडले आणि नवा बसवला. "याला पाण्यापासून जपा," तो म्हणाला.

उपसमितीने हा तांत्रिक सल्ला तंतोतंत पाळला. आता टब कोरडा असतो. त्यामुळे नव्या पंपावर गंजाचा डाग नाही; पाहुण्यांना तो मुद्दाम दाखवला जातो. संध्याकाळी सभासद कोरड्या टबात गोल करून बसतात, आणि मधोमध आत्या. "कोरड्यानेही फरक पडतो हो," ती सांगते. मीठ कुठल्या डब्यात आहे, हे आता पत्नी तिलाच विचारते.

बसण्याआधी प्रत्येकजण आपली जागा फडक्याने पुसून घेतो. तुम्हीही या एकदा. तुमच्या स्वच्छतेबद्दल कुणाला शंका नाही; तुम्ही फडकं आणाल तेही इतरांमुळेच. फक्त उठून निघालात की मागे वळून पाहू नका. तुमची जागा तेव्हा दोनदा पुसली जात असेल.