पणजोबांचे जंतू

श्रीपतरावांच्या पणजोबांचा पैसा आमटीत शिजला. पण असं काही झालंच नाही, असं बडोद्याच्या गोत्री भागातल्या त्या फ्लॅटमध्ये एकमताने ठरलेलं आहे. तेव्हा आपण शनिवार सकाळपासून सुरुवात करू. तेव्हा पैसा कोरडा होता.

बडोदे संस्थानचा तांब्याचा पैसा. हजार हातांतून फिरत तो फौजेतल्या पणजोबांकडे आला आणि तिथेच थांबला. त्यावर काळा थर असा बसला होता, की त्यावरची तलवार फक्त श्रीपतरावांनाच दिसे. रविवारी नाणकप्रेमी मंडळाचं प्रदर्शन होतं. पैसा काचेच्या कपाटात बसणार की नाही, हे ठरवायला अध्यक्ष भास्करराव सुभानपुऱ्याहून दुपारी जेवायलाच येणार होते. त्यांचा नियम एकच : धुतलेलं नाणं बाद.

श्रीपतराव पैशावर प्रेमाने अंगठा फिरवत होते. मग तोच हात बडोद्याच्या ओलसर लीलो चेवड्याच्या डब्यात गेला.

“अहो, तो हात आधी कुठे होता?” विजयमालाबाईंनी विचारलं.

“पणजोबांच्या पैशावर.”

“त्याला कोणाकोणाचे हात लागलेत, माहितेय? घोड्यांना खरारा करणारे, नाक शिंकरून सुटे देणारे.”

“त्यातले निम्मे जंतू आपल्याच घराण्याचे आहेत. जरा मान ठेव.”

“ठेवते ने. त्यांना वेगळं ताट वाढते. तो चेवडा आधी फेका.”

चेवडा गेला. वर हुकूम सुटला : पैशाला हात लावायचा तो बाल्कनीत, आणि तोही मोजे घालून. मोजे म्हणजे बाईंचे भांडी घासायचे गुलाबी रबरी मोजे.

श्रीपतरावांचा राग वंशपरंपरागत, फौजी होता. पण मे महिन्यात बडोद्याच्या बाल्कनीत रबरी मोजे घालून बसल्यावर फौजही शरण जाते. मोज्यांत घामाचं तळं झालं. बाई दारात भाजीवाल्याशी भांडत होत्या, तेवढ्यात श्रीपतराव पैशासकट चोरपावलांनी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. पेल्याला हात घातला आणि गुलाबी बोटांतून पैसा ओल्या साबणासारखा सटकला. टुप्प असा आवाज झाला.

त्यांनी फ्रिजखाली पाहिलं, मोरीत पाहिलं. ओट्यावरच्या कुकरमध्ये धुतलेली तूरडाळ होती, तिथे पाहणार तोच बाई आल्या.

“इथे काय करताय?”

“काही नाही.”

खरं सांगितलं असतं, तर पैसा स्वयंपाकघरात आला होता हेही सांगावं लागलं असतं. श्रीपतराव दात आवळून उभे राहिले. झाकण लागलं, तीन शिट्ट्या झाल्या, मग चिंच-गूळ पडला. चिंचेने देवाची तांब्याची भांडी कशी लख्ख निघतात हे बाईंना ठाऊक होतं. आज आपण नक्की काय घासतोय, हे नव्हतं.

भास्करराव आले. “श्रीपतराव, आधी पैसा.”

“आधी जेवण,” श्रीपतराव गुरगुरले.

दोन घास झाले आणि अध्यक्षांचा चेहरा खुलला. “वहिनी, आमटी एकदम सरस. काय घालता हो?”

“नेहमीचंच.”

“छे, काहीतरी जुनी चव आहे. अजून वाढा. तळातली, दाट.”

डाव तळाशी गेला आणि वाटीत टणकन वाजलं. आमटीत पैसा होता, लखलखीत. तलवार प्रथमच सगळ्यांना दिसली.

“हा माझ्या आमटीत?” बाई म्हणाल्या.

“तुझ्या मोज्यांमुळे,” श्रीपतराव म्हणाले.

भास्कररावांनी खिशातून भिंग काढून पैसा न्याहाळला. “बाद. धुतलेलं आहे.”

“धुतलेलं नाही. शिजलेलं आहे.”

“नियमाला तेच. काळा थर कुठाय?”

श्रीपतरावांनी त्यांच्या वाटीकडे पाहिलं. “पहिली वाटी तुम्ही चाटूनपुसून संपवलीत. आता मला विचारताय?”

भास्करराव उठले आणि बराच वेळ चुळा भरत राहिले. मग असं काही झालंच नाही, असं तिघांनी ठरवलं : भास्कररावांनी पोटासाठी, बाईंनी आमटीच्या अब्रूसाठी, श्रीपतरावांनी पुढच्या जेवणासाठी.

राग मात्र त्या ठरावात सामील नव्हता. त्याने संध्याकाळी श्रीपतरावांकडून अर्ज लिहून घेतला :

‘मा. अध्यक्ष, नाणकप्रेमी मंडळ यांस. सदर नाण्यावरील काळा थर सध्या आपल्याच पोटात असून नाणे व थर वेगळे ठेवणे अन्यायाचे आहे. तरी प्रदर्शन संपेपर्यंत आपणांस नाण्याशेजारी काचेच्या कपाटात ठेवण्यात यावे, ही नम्र विनंती. कपाटास हवेसाठी भोक असावे. आतील जंतूंत अर्जदाराचे नातलग आहेत.’